चार दिवस आणि पुढची सेहेचाळीस वर्षं



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतंय, त्यांच्या मुलीने निमंत्रण देतानाच मला अट घातली होती. “बाबांवर बोलू नका. त्यांना ते आवडलं नसतं. दुसऱ्या कुणावर तरी बोला.” अट मी पाळणार आहे. फक्त शेवटाकडे, तिच्याच परवानगीने, थोडी मोडणार आहे.

विषय निवडताना एक हिशेब माझ्या डोळ्यांसमोर होता. परमवीरचक्र आजवर २१ जणांना मिळालं. त्यातले १४ मरणोत्तर. म्हणजे आपल्या सर्वोच्च शौर्यपदकाच्या यादीत, पदक जाहीर झालं तेव्हा हयात असलेले सातच. आपली भाषणं, शाळेतले धडे, चौकातले पुतळे हे सगळं त्या चौदांच्या मापाने बेतलेलं आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे झालंय असं की सैनिकाची आठवण काढायची म्हणजे त्याचा शेवटचा क्षण सांगायचा, अशी आपल्याला सवय लागली. जो परत आला, ज्याने भाजीची पिशवी उचलली, मुलांच्या प्रगतिपुस्तकावर सही केली, रेशनच्या रांगेत उभा राहिला, त्याच्याबद्दल काय बोलायचं हे आपल्याला सुचत नाही. आपण त्याला २६ जानेवारीला झेंडावंदनाला बोलावतो, शाल-श्रीफळ देतो आणि फोटो काढून घरी जातो.

मराठा पलटणीतलीच दोन नावं घ्या. यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांना वीरमरण आलं. वय अवघं बावीस. नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचे. त्यानंतर नऊ महिन्यांनी, ९ एप्रिल १९४५ रोजी, त्याच इटलीत सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमी साथीदारांना गोळीबारातून पलीकडे नेलं आणि मग परत फिरून एकट्याने शत्रूच्या मशिनगनच्या चौक्या बंद पाडल्या. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. घाडग्यांचं पदक त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी स्वीकारलं. माणगावात त्यांचा पुतळा आहे, तिथून जाणारा माणूस हात जोडतो. जाधव परत आले, १९८४ पर्यंत जगले. एका घरात पदक आलं आणि माणूस आला नाही, दुसऱ्या घरात दोन्ही आले. पहिल्या घराचं दुःख आपण निदान विचारतो तरी. दुसऱ्या घरात पुढची एकोणचाळीस वर्षं काय चाललं होतं, हे कुणी विचारलं?

आज मी अशाच एका परत आलेल्या माणसाबद्दल बोलणार आहे. रामा राघोबा राणे. सेकंड लेफ्टनंट असताना परमवीरचक्र, निवृत्त होताना मेजर. मी आयुष्यभर सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते केले, सैन्याशी माझा संबंध श्रोत्याइतकाच. पण राणे हे इंजिनिअर कोअरचे, आणि त्या कोअरमधून परमवीरचक्र मिळालेले ते एकटेच. रस्त्याचं काम करणाऱ्या माणसाला ते जवळचे वाटले तर त्यात नवल नाही.

त्यांचा जन्म २६ जून १९१८ चा. गाव चेंडिया, कारवारजवळ. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. वडील पोलीस शिपाई. पोलिसाची नोकरी म्हणजे बदल्या, आणि बदल्या म्हणजे मुलांच्या शाळांचे तुकडे. या गावात दुसरी, त्या गावात तिसरी, मध्येच दाखला अडकलेला. १९३० साली अंकोल्याला मिठाचा सत्याग्रह पेटला, सगळा कारवार जिल्हा ढवळून निघाला. बारा वर्षांच्या रामाच्याही डोक्यात चळवळीने घर केलं. पोलिसाच्या घरातला मुलगा सरकारविरुद्धच्या चळवळीकडे ओढला जातोय, ही त्या घरातली अडचण तुम्हीच ओळखा. वडिलांनी बिऱ्हाड गावी, चेंडियाला हलवलं.

दहा वर्षांनी, १० जुलै १९४० रोजी हाच मुलगा सैन्यात भरती झाला. बॉम्बे इंजिनिअर्स, म्हणजे आपली खडकीची बॉम्बे सॅपर्स. प्रशिक्षणात तो सर्वोत्तम रिक्रूट ठरला आणि कमांडंटची छडी त्याला मिळाली. सॅपर हा लढाईतला विचित्र माणूस असतो. बाकीच्यांच्या हाती बंदूक, याच्या हाती आधी फावडं. पायदळ थांबतं तिथे याचं काम सुरू होतं. पूल बांधायचे, पूल उडवायचे, सुरुंग पेरायचे, सुरुंग काढायचे.

राण्यांचं पहिलं युद्ध ब्रह्मदेशातलं. अराकान मोहिमेत सैन्य मागे हटत होतं, तेव्हा त्यांच्या कंपनीचे दोन सेक्शन बुथिडाँगला मुद्दाम मागे ठेवले. काम असं, की शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून महत्त्वाच्या गोष्टी उद्ध्वस्त करायच्या, आणि मग नौदलाचं जहाज येऊन त्यांना नेणार. जहाजाचा बेत फसला. जपानी गस्ती चुकवत त्यांनी आपल्या आपण नदी ओलांडली आणि बावली बाजारला जाऊन आपली डिव्हिजन गाठली. त्यानंतर त्यांना हवालदारपद मिळालं. मला यातली गंमत अशी वाटते, की पहिल्या युद्धात या माणसाने रस्ते मोडायला शिकून घेतलं. वाट अडवायची तर कुठे घाव घालायचा, झाड कुठे आडवं पाडायचं, मोरी कुठून उडवायची, हे ज्याने स्वतः केलंय त्यालाच समोरच्याने ते कसं केलं असेल हे चटकन कळतं. पाच वर्षांनी हे शिक्षण उलट्या बाजूने कामी आलं.

डिसेंबर १९४७ मध्ये ते सेकंड लेफ्टनंट झाले. म्हणजे ज्या एप्रिलमध्ये ते इतिहासात गेले, तेव्हा अधिकारी होऊन त्यांना चारच महिने झाले होते आणि शिपाई, नाईक, हवालदार, जमादार हे सगळं मागे सात वर्षांचं जमेला होतं. वय एकोणतीस. हाताखालच्या प्रत्येक माणसाचं काम त्यांनी स्वतः केलेलं होतं.

आता ते चार दिवस. जम्मू-काश्मीरमध्ये १९४७ च्या अखेरीला राजौरी पडलं होतं आणि तिथल्या लोकांवर भयंकर अत्याचार चालले होते. १८ मार्च १९४८ रोजी ब्रिगेडिअर महंमद उस्मान यांच्या ब्रिगेडने झांगर परत घेतलं. त्यानंतर नौशेऱ्याहून राजौरीकडे जायचं ठरलं. पुढे चौथी डोग्रा पलटण, सोबत सेंट्रल इंडिया हॉर्सचे रणगाडे, आणि त्यांच्या आगेमागे राण्यांच्या ३७ असॉल्ट फील्ड कंपनीचे सॅपर. रस्ता डोंगराच्या कडेने, एका बाजूला तावी नदी. शत्रूने रस्त्यात सुरुंग पेरले होते, चिडाची मोठमोठी झाडं आडवी टाकली होती, मोऱ्या उडवल्या होत्या आणि या सगळ्यावर वरून मशिनगन रोखून ठेवल्या होत्या.

राण्यांच्या परमवीरचक्राचं मानपत्र तुम्ही कधी वाचलंत तर एक गोष्ट लक्षात येईल. त्यात घड्याळ आहे. शौर्याच्या मानपत्रात बहुधा विशेषणं असतात, इथे वेळा आहेत. आमच्या खात्यात मोजमापाची पुस्तिका असते, एम.बी. म्हणतात तिला. काम कधी सुरू, किती फूट झालं, कधी पुरं. हे मानपत्र मी त्या पुस्तिकेसारखंच वाचतो.

८ एप्रिल. सुरुंग काढायचं काम सुरू होणार इतक्यात उखळी तोफांचे गोळे येऊन पडले. तुकडीतले दोघे जागीच गेले, पाच जखमी झाले, त्या पाचांत राणे स्वतः. त्यांनी उरलेल्यांना गोळा केलं आणि काम चालू केलं. दुपारी साडेचारच्या सुमारास डोग्रांनी बारवाली कडा घेतला. आजूबाजूचा शत्रू अजून पुरता हटलेला नव्हता, तरी राणे माणसं घेऊन पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी वळणरस्ता काढायला लागले. रात्री दहापर्यंत.

९ एप्रिल. पहाटे सहाला सुरुवात, दुपारी तीनपर्यंत मध्ये विसावा नाही. वळणरस्ता तयार झाला, रणगाडे निघाले. राणे सगळ्यात पुढच्या गाडीत. अर्ध्या मैलावर चिडाची झाडं आडवी. उतरले, स्फोट करून उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. मग उडवलेली मोरी. तिला वळसा काढला. सव्वासहाला उजेड कमी होत असताना समोर पाच मोठी झाडं, त्यांच्याभोवती सुरुंग, वरून गोळ्या. राण्यांनी सुरुंग काढायला सुरुवातही केली होती, पण रणगाड्यांच्या ताफ्याच्या प्रमुखाने रात्रीपुरतं सगळ्यांना मागे सुरक्षित जागी घेतलं.

१० एप्रिल. पहाटे पावणेपाच. त्याच पाच झाडांपाशी. साडेसहाला वाट मोकळी. पुढचे हजार यार्ड म्हणजे नुसती मोडतोड, आडवी झाडं, ढासळवलेले भराव. तेही साडेदहापर्यंत आटोपलं. रणगाडे तावीच्या पात्रातून पुढे निघाले आणि दुपारी दोनला चिंगसला पोचले. राणे मात्र रस्त्यावरच राहिले, कारण रणगाडे नदीतून गेले तरी मागून येणारा दाणागोटा, औषधं, पेट्रोल हे सगळं रस्त्यानेच यायचं होतं. अन्न नाही, विश्रांती नाही, रात्री नऊपर्यंत काम.

११ एप्रिल. सकाळी सहाला सुरुवात, अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला. आणि त्यानंतर पुढच्या रस्त्यावर रात्री दहापर्यंत.

१२ एप्रिलला आपलं सैन्य राजौरीत शिरलं. तिथे जे लोक वाचले त्यांना वाचवायला एक दिवस उशीर चालला नसता.

राण्यांची एक कथा फार सांगितली जाते. रणगाड्याखाली सरपटत, दोन दोऱ्यांनी वरच्या चालकाला खुणा करत, एक ओढली की थांब आणि दुसरी ओढली की चल, असे ते सुरुंगाच्या पट्ट्यातून रणगाडा पुढे नेत गेले. चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं, म्हणून ती लोकांना आवडते. मला मात्र ती १० तारखेची पावणेपाचची वेळ जास्त मोठी वाटते. आदल्या दिवशीचे बारा तास, अंगावर जखम, रात्री जेमतेम डोळा लागलेला, आणि अंधारात उठून पुन्हा त्याच झाडांपाशी जायचं. सुरुंग काढताना माणूस पोटावर झोपतो. संगीन तिरकी धरून मातीत हळू खुपसायची. टोक कडक कशाला लागलं की थांबायचं, बोटांनी माती बाजूला करायची. रणगाड्यासाठीचा सुरुंग माणसाच्या वजनाने सहसा फुटत नाही, पण शेजारी माणसासाठीचा लहान सुरुंग पेरलेला असतो. घाई केली की संपलं. आणि वरून मशिनगन चाललेली. घाई करायची नाही, असं शरीराला बजावत राहायचं, चार दिवस. रोज उठून तेच काम पुन्हा करणं, हे शौर्य आवाज न करणारं असतं. घर चालवणाऱ्या माणसांना ते समजायला अवघड जाऊ नये.

जाता जाता, चिंगसबद्दल. काश्मीरला जाणाऱ्या मोगलांच्या जुन्या वाटेवरची ही सराई. जहांगीर बादशहा १६२७ साली काश्मीरहून परतताना वाटेत वारला. त्याची आतडी काढून इथे पुरली आणि नूरजहानने मृत्यूची बातमी दडवून ठेवत त्याचा देह पुढे नेला, म्हणजे वारसांची भांडणं वाटेतच पेटू नयेत, असं सांगतात. बादशहाच्या घरातही शेवटी प्रश्न तोच, घरचा कर्ता गेल्यावर मागे राहिलेल्यांनी काय करायचं.

राण्यांच्या आधी सात वर्षं, याच बॉम्बे सॅपर्सच्या एका तरुण अधिकाऱ्याने अगदी असंच काम केलं होतं. प्रेमिंद्रसिंह भगत. १९४१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत सुदान-ॲबिसिनियाच्या सीमेवर त्यांनी सलग चार दिवसांत ५५ मैलांच्या टापूतली १५ सुरुंगक्षेत्रं मोकळी केली. दोनदा गाडी खालून उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी ते थांबले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी. खडकीत शिकलेल्या दोन माणसांना, दोन वेगळ्या सरकारांनी, एकाच कामासाठी सर्वोच्च पदक दिलं, आणि दोघेही ते छातीवर लावायला जिवंत राहिले. खडकीचं हे माहात्म्य पुण्याच्या किती शाळांत मुलांना सांगतात? मला माहीत असलेल्या शाळांत तरी नाही.

आणि पदकाचं म्हणाल, तर परमवीरचक्र घडवणारी बाईही एका मराठी घरातली. सावित्रीबाई खानोलकर. जन्म स्वित्झर्लंडचा, वडील हंगेरीचे, आई रशियन. विक्रम खानोलकर या लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या इथल्या झाल्या, संस्कृत शिकल्या, पुराणं वाचली. मेजर जनरल अटल यांनी पदकाचं रेखाटन करायला त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी दधीचीच्या हाडांपासून झालेलं इंद्राचं वज्र निवडलं. ब्राँझच्या चकतीवर चार वज्रं, मधे राजमुद्रा, वर जांभळी फीत. पहिलं परमवीरचक्र मेजर सोमनाथ शर्मांना मिळालं, आणि ते सावित्रीबाईंच्या मुलीच्या सासरचे, तिचे दीर. म्हणजे या पदकाच्या जन्मातच एका घरातलं सुतक आहे. फौजी घरांत असंच असतं, अभिमान आणि सुतक एकाच खोलीत राहतात.

त्या पहिल्या काश्मीर युद्धासाठी पाच जणांना परमवीरचक्र मिळालं. त्यातले दोघे जिवंत होते, लान्स नाईक करमसिंह आणि आपले राणे. राण्यांचं पदक २१ जून १९५० च्या राजपत्रात आलं.

आणि इथे बहुतेक पुस्तकं संपतात. माझं खरं म्हणणं इथून सुरू होतं. त्या वेळी राणे एकतीस वर्षांचे होते. १९५५ साली त्यांचं लग्न झालं, पत्नीचं नाव राजेश्वरी. मुलं झाली. १९६८ साली ते मेजर म्हणून निवृत्त झाले, अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत पाच वेळा युद्धवृत्तांतात त्यांचा सन्मानाने उल्लेख झाला होता. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात, कमांड हॉस्पिटलमध्ये ते वारले. म्हणजे त्या चार दिवसांनंतर सेहेचाळीस वर्षं. पोलिसाच्या बदल्यांनी ज्याचं लहानपण तुकड्यातुकड्यांत गेलं, त्याने आपल्या मुलांनाही बदल्यांचीच नोकरी दाखवली. यातली ओढाताण समजायला चरित्रकार लागत नाही, या सभागृहातली निम्मी माणसं त्यात वाढली आहेत.

फौजीचं घर कसं असतं हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. काळी लोखंडी पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगाने नाव, हुद्दा आणि नंबर. प्रत्येक बदलीत ती पेटी उघडते आणि तिच्यातलं निम्मं सामान बाहेर निघतच नाही, कारण दोन-तीन वर्षांत पुन्हा बांधायचं. कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी नेमणूक झाली की पत्रं. पत्त्यावर गावाचं नाव नाही, ‘५६ ए.पी.ओ.’ एवढंच. घरच्यांना विचारलं, साहेब कुठे आहेत, तर उत्तर यायचं, छप्पनला आहेत. लग्न झालं की युनिटमध्ये पार्ट टू ऑर्डर निघते, मूल झालं की पुन्हा पार्ट टू ऑर्डर. सैन्याच्या दृष्टीने तुमची बायको-मुलं त्या कागदावर छापून आली की अस्तित्वात येतात. हसू नका, या कागदाकडे मी परत येणार आहे.

राण्यांचा पुतळा कारवारला रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर, आय.एन.एस. चपळ या जुन्या युद्धनौकेच्या संग्रहालयापाशी आहे. २०२३ साली अंदमानच्या २१ बेटांना २१ परमवीरांची नावं दिली, त्यात त्यांचंही आहे. पण मला सगळ्यात नवल वाटतं ते १९८४ चं. शिपिंग कॉर्पोरेशनने तेव्हा आपल्या तेलवाहू जहाजांना परमवीरांची नावं द्यायला सुरुवात केली, आणि एका जहाजाचं नाव पडलं लेफ्टनंट रामा राघोबा राणे. त्या वेळी ते हयात होते, सहासष्ट वर्षांचे, निवृत्त होऊन सोळा वर्षं झालेले. ज्याच्या नावाचं हजारो टनांचं जहाज समुद्रावर आहे तो माणूस आपल्या शेजारच्या गल्लीत राहतोय, हे पुण्यातल्या किती लोकांना ठाऊक असेल?

जिवंत माणसाला आपण उशिराच ओळखतो. इस्लामपूरजवळचे मुरलीकांत पेटकर पाहा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं, १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. पद्मश्री कधी, तर २०१८. मध्ये सेहेचाळीस वर्षं. योगायोग आहे, दुसरं काही नाही, पण हा आकडा मला काही सोडत नाही.

आता ती अट थोडी मोडतो.

आपले हे सुभेदारसाहेब, ज्यांच्या नावाने आज आपण जमलो, त्यांची एक वही त्यांच्या मुलीने मला वाचायला दिली. जाड पुठ्ठ्याची, रेघांची. पहिल्या पानावर तारीख, निवृत्तीनंतर तीन वर्षांची, आणि खाली बायकोच्या नावाने लिहिलेलं. मी गेल्यावर करायच्या गोष्टी, असा मथळा. भावनेचं एक वाक्य नाही. पहिला मुद्दा: मृत्यूच्या दाखल्याच्या दहा प्रती घ्याव्यात, पाच पुरत नाहीत. दुसरा: पेन्शनचा पी.पी.ओ. क्रमांक, बँकेचं खातं, रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता. त्यापुढे: विहिरीच्या मोटारीचा स्टार्टर पावसाळ्यात अडकतो, कोरड्या काठीने ढकलावा, हात लावू नये. धाकट्या भावजींशी बांधावरून वाद घालू नये, मोजणी आणावी. गॅसचं सिलिंडर उचलायला शेजाऱ्यांच्या मुलाला हाक मारावी, तो नाही म्हणत नाही. शेवटच्या पानांवर दर दोन-तीन वर्षांनी केलेल्या दुरुस्त्या आहेत, वेगवेगळ्या पेनांच्या. बँकेची शाखा बदलली, खोडून नवी लिहिली. त्यांच्या मुलीने सांगितलं की आईला ही वही आहे हे माहीत होतं, पण सुभेदारसाहेबांच्या हयातीत त्यांनी ती एकदाही उघडली नाही. नंतर उघडली तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. कुणाच्याही दारात त्यांना जावं लागलं नाही.

सुभेदारसाहेब लढाईत काय करत होते हे मला ठाऊक नाही, आणि तसं ठरल्याप्रमाणे मी विचारलंही नाही. पण ही वही ज्याने लिहिली त्याला राण्यांच्या त्या घड्याळाची भाषा कळली असती. मागून येणाऱ्यांना रस्ता सापडला पाहिजे, बस्स.

सगळ्यांची वही अशी नसते, हे समोर बसलेल्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात काम करणाऱ्या लोकांशी बोललात तर ते सांगतील, कुटुंब पेन्शन अडते ती बहुतेक वेळा मोठ्या कारणाने नाही. अडते नावाने. आपल्याकडे लग्नात बायकोचं नाव बदलायची पद्धत. पार्ट टू ऑर्डरमध्ये गेलं सासरचं नाव, आधारवर राहिलं माहेरचं, बँकेत ‘बाई’ लागलं, मुलाच्या शाळेच्या दाखल्यात तिसरंच. जन्मतारीख एका ठिकाणी १ जून, कारण मास्तरांनी सगळ्यांची तीच लिहिली. नवरा हयात असतो तोवर ही दुरुस्ती एका अर्जाने होते. तो गेल्यावर त्याच दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्रं, राजपत्र, साक्षीदार, आणि गुडघे दुखणाऱ्या बाईच्या तालुक्याच्या खेपा. आता पेन्शन ‘स्पर्श’ या संगणकीय व्यवस्थेवर गेली आहे, आणि संगणक ‘लक्ष्मी’ आणि ‘लक्ष्मीबाई’ यांना दोन बायका समजतो.

म्हणून आयोजकांना मी एक विनंती केली होती आणि त्यांनी ती ऐकली. बाहेर डाव्या हाताला एक टेबल मांडलं आहे. तिथे दोन निवृत्त सुभेदार-मेजर आणि एक निवृत्त क्लार्क बसले आहेत, तिघांनीही रेकॉर्डचं काम केलेलं आहे. पेन्शनचा कागद आणि बायकोचं आधारकार्ड सोबत असेल तर नाव आणि जन्मतारीख ताडून बघा. फरक निघाला तर अर्जाचा नमुना तिथेच मिळेल, झेरॉक्सचीही सोय आहे. नोव्हेंबरच्या हयातीच्या दाखल्याचं यंत्रही त्यांनी आणलंय, ज्यांचा राहिला असेल त्यांनी अंगठा देऊन घ्यावा. कागद आणले नसतील त्यांच्यासाठी ही मंडळी उद्या सकाळी दहा ते एक पुन्हा इथेच बसणार आहेत. येताना बायकोला घेऊन या, कारण सही तिचीही लागते.